कालव्याकाठचा विसावा



कारखान्याचा पट्टा पडला, की आपल्या माणसाच्या पुण्याच्या खेपा वाढतात. पण आपण पुण्याला जातो कशाला? एक दवाखाना, दोन कोर्टकचेरी, तीन मार्केट यार्ड आणि चार लग्नाचा बस्ता. ही कामे उरकली, की स्वारगेट गाठायचे आणि मिळेल त्या एस.टी.ने घर जवळ करायचे. मागे जनावरांच्या धारा राहिलेल्या असतात, मोटारीला रात्रीची वीज असते, पाण्याची पाळी येऊन ठेपलेली असते. पुण्यात घटकाभर निवांत बसावे, हे कुणाच्या मनातच येत नाही. बसलोच तर दवाखान्याच्या बाकावर, नाहीतर स्टँडच्या फरशीवर.

या अंकात लागणीची, बेण्याची किंवा खोडव्याची माहिती न देता आम्ही एका बागेची माहिती देत आहोत. "बागेत काय बघायचं? आमच्या रानात हिरवं काय कमी आहे काय?" असे कुणीतरी विचारणारच. प्रश्न रास्त आहे. पण हिरवे रान आणि बाग यांत एक फरक आहे. रानात गेलेला माणूस रिकामा बसू शकत नाही. त्याला तण दिसते, फुटलेला पाट दिसतो, पिवळे पडलेले पान दिसते. बागेत बसलेल्या माणसाला बागेचे काही देणे लागत नाही. म्हणून हा लेख.

दहा एकरांत शहर हरवते

ही बाग म्हणजे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान. स्वारगेटहून दांडेकर पुलावरून सिंहगड रस्त्याला लागले, की फार लांब नाही. महानगरपालिकेची बाग आहे. जपानी पद्धतीचा हा भाग सुमारे १० एकरांचा. पुढे शेजारी मुघल पद्धतीची बागही जोडली गेली. पुणे आणि जपानमधील ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण म्हणून ती उभी राहिली, त्यामुळे 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' असेही तिचे नाव आहे.

आम्ही तीन घरची मिळून नऊ माणसे होतो. त्यांत शाळकरी मुले तीन, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा दाखवायला आणलेल्या एक आजी. डॉक्टरांचे काम दुपारी आटोपले, बाजार झाला, गाडीत पोती चढली. ऊन उतरल्यावर परतीच्या वाटेला लागायच्या आधी सूनबाई म्हणाल्या, "आत्यांना जरा हवेशीर बसवू या कुठंतरी." म्हणून आम्ही माफक तिकीट काढून आत गेलो.

दाराबाहेर सिंहगड रस्ता म्हणजे हॉर्न, रिक्षा आणि पी.एम.टी.च्या जागी आलेल्या पी.एम.पी.च्या बसगाड्या. आत शंभरभर पावले टाकली, की हा आवाज मागे पडतो आणि पाण्याचा आवाज पुढे येतो. वाट सरळ जात नाही, वळत जाते. एका जागी उभे राहून सगळी बाग दिसतच नाही. एक वळण घेतले की दगडांवरून पडणारे पाणी, दुसरे घेतले की छोटा पूल, तिसरे घेतले की हिरवळीची बुटकी टेकडी. जपानी लोकांची ही एक पद्धतच आहे. बाग बसून बघायची नसते, चालत चालत बघायची असते. प्रत्येक वळणाशी काहीतरी राखून ठेवलेले असते.

मुले पुलावर गेली ती तिथेच अडकली. खाली तळ्यात लाल-पांढरे, हातभर लांबीचे मासे. मासा जवळ आला की तिघेही एकदम ओरडायची आणि मग आपोआपच गप्प व्हायची. कुणी दटावले नाही. आजूबाजूची माणसे हळू बोलत होती म्हणून तीही हळू बोलू लागली. घरी ज्यांना आपण दिवसातून दहा वेळा "गप बसा" म्हणतो, ती ही मुले.

हिरवळीवर मात्र पाय ठेवायचा नाही. पायवाट सोडली की रखवालदाराची शिट्टी वाजते. एका कॉलेजातल्या पोराने फोटोसाठी हिरवळीवर एक पाऊल टाकले आणि लगेच शिट्टी वाजली. पोराने निमूट पाय मागे घेतला. आमच्यातले एक तात्या हसून म्हणाले, "आपल्या गव्हाणीपाशी असा एक माणूस पाहिजे."

याच तात्यांनी मग एका माळीदादांना गाठले. शेतकरी माणूस कुठेही गेला तरी चौकशी शेतीचीच करणार. तण कसे काढता, पाण्यातला गाळ कधी उपसता, गवताला खत कोणते, असे प्रश्न सुरू झाले. माळीदादांनी खाली वाकून एक काडी उपटली आणि म्हणाले, "मामा, रोज थोडं. एक दिवस सोडलं तर दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं." तात्यांनी मान हलवली. हे वाक्य त्यांनी आपल्या पोरांना शंभर वेळा ऐकवलेले असणार.

आजींना एका झाडाखाली बाकावर बसवले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात पिशवी. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग सुनेला म्हणाल्या, "हितं बसल्यावर कुनी उठवीत न्हाई का गं?"

सूनबाई म्हणाल्या, "नाही आत्या. तिकीट काढलंय आपण."

"आन् च्या कुनी मागत न्हाई?"

यावर दोघी हसल्या. सूनबाईंनीही चप्पल काढून पाय मोकळे केले. पंचवीस वर्षे संसार केलेल्या त्या दोघी सासवा-सुना अशा शेजारी शेजारी, हातात काही काम नसताना बसलेल्या आम्ही पहिल्यांदाच पाहिल्या. घरी एक बसली की दुसरी उभी असते.

पाणी ओळखीचे निघाले

मासे पाहून झाल्यावर धाकट्याने विचारले, "हे पाणी कुठनं येतं?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. बागेला लागूनच मुठा उजवा कालवा वाहतो आणि त्याच कालव्याचे पाणी या बागेत खेळवलेले आहे. म्हणजे ज्या पाण्याची आपण पाळीपत्रकावर बोट ठेवून वाट बघतो, तेच हे पाणी. खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्याने शहर ओलांडायचे, मग हडपसरवरून हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांत उतरायचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या उसाची मुळे याच पाण्यावर पोसलेली आहेत.

खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. घरातल्या जुन्या माणसांकडून हे आपण ऐकलेले आहे. आज पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांच्या साखळीतून पुणे शहराचे पिणेही भागते आणि कालव्याचे सिंचनही. शहर वाढत गेले तसा पाण्याचा वाटा कुणाला किती, हा वाद वाढत गेला. उन्हाळ्याचे आवर्तन लांबले, की आपण शहराच्या नावाने बोटे मोडतो. पाणी कपातीची बातमी आली, की शहरवाले उसाच्या नावाने बोटे मोडतात. पाण्याला दोन्हीकडची शिवी ऐकावी लागते.

कालवा शहरातून जातो, त्याची जोखीमही शहरातल्या गरिबाच्या उशाशी असते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी याच भागात, जनता वसाहतीजवळ, कालव्याची भिंत फुटली. दांडेकर पुलाच्या परिसरातील वस्तीत पाणी घुसले आणि शेकडो घरांतला संसार वाहून गेला. आपल्याकडे पाटाला भगदाड पडले तर एक रान वाहते. तिथे भांडीकुंडी, पोरांची दप्तरे आणि रेशनकार्डे वाहिली. बागेकडे जाताना लागणारा तो दांडेकर पूल म्हणजे हीच जागा. कालव्याच्या वरच्या अंगाला कोण राहते, हे आपणही ध्यानात ठेवले पाहिजे.

आता कुणी म्हणेल, "आमचं टेल कोरडं आणि यांना माशांसाठी पाणी!" तात्याही आधी असेच म्हणाले. मग आम्ही बाकावर बसून साधा हिशेब केला. एक एकर उसाला पाट-पाण्याने ३ इंच पाणी द्यायचे म्हटले, तर एका पाळीला ३ लाख लिटरांवर पाणी लागते. ते पाणी एकदा सोडले की गेले. काही मुळाला, काही खोल, काही शेजाऱ्याच्या बांधाला. या बागेत मात्र तेच पाणी आधी दगडावरून पडते, मग ओढ्यासारखे वाहते, मग तळ्यात थांबते. एकाच पाण्याकडून तीन कामे करून घेतली आहेत, आणि दर ठिकाणी ते नवे वाटते. पाणी किती आहे यापेक्षा ते कसे फिरवले, यावर बागेची शोभा आहे. ठिबकच्या बैठकीत कृषी अधिकारी जे तासभर सांगतात, ते इथे दहा मिनिटांत डोळ्यांना दिसते.

तात्या थोडा वेळ तळ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे बघायला पोरांना आणायला पाहिजे. पोरं म्हणजे तुमची नव्हं, माझी. पंचेचाळीस वर्षांची झाली तरी दांडात पाणी मोकळं सोडून झोपत्यात."

मूळची बाग राजाची, आत भाताचे खाचर

ही बाग ज्या बागेवरून घेतली, ती ओकायामाची 'कोराकुएन' बाग. जपानमधल्या तीन नामांकित बागांपैकी ती एक. तिथला सरदार इकेदा त्सुनामासा याने १६८७ मध्ये काम सुरू करविले आणि १७०० मध्ये बाग पुरी झाली. म्हणजे आपल्याकडे संभाजी महाराज आणि राजाराम महाराज यांचा जो काळ, तोच. आसाही नदीच्या काठी सुमारे १३ हेक्टर, म्हणजे ३२ एकर जागा. नदीचे पाणी आत घेऊन ओढ्याने सगळीकडे फिरवलेले. एका विश्रामगृहाच्या तर मधूनच ओढा जातो, दोन्ही बाजूंना माणसे बसतात आणि पायाशी पाणी वाहते.

नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला आहे. बाग अशी रचली आहे, की तो किल्ला बागेचाच भाग वाटावा. दूरची टेकडी, किल्ला, झाडे आपल्या बागेच्या देखाव्यात धरून घ्यायची, अशी तिकडे जुनी रीत आहे. बांध न कोरता शेजाऱ्याचे रान आपले करण्याची जगात ही एकच रीत असावी.

पण आपल्या सभासदांनी ऐकावी अशी गोष्ट पुढेच आहे. या राजाच्या बागेत भाताचे खाचर आहे. चहाचा मळा आहे. खाचरात आजही दर जूनमध्ये भातलावणीचा सोहळा होतो. बाया-माणसे पारंपरिक पोशाख करून गाण्याच्या ठेक्यावर रोपे लावतात आणि लोक ते बघायला येतात. आपण शेतीला काम समजतो, तमाशा किंवा जत्रा बघण्याजोगी समजतो. तिकडे लावणीच बघण्याजोगी मानली आहे.

त्या खाचराची आखणीही विचार करायला लावणारी आहे. प्राचीन चीनमधली एक पद्धत त्यात दाखवली आहे. चौकोनी रानाचे नऊ सारखे तुकडे करायचे. कडेचे आठ तुकडे आठ कुटुंबांचे, ज्याचे त्याने कसायचे. मधला नववा तुकडा आठ जणांनी मिळून कसायचा आणि त्याचे पीक राजाचे. तोच शेतसारा. आपल्या सहकाराची मांडणी फार वेगळी नाही. कडेला ज्याचे त्याचे रान आणि मध्ये सगळ्यांनी मिळून उभा केलेला कारखाना. फरक एवढाच, की आपल्याकडे मधल्या तुकड्याचे पीक कुणा राजाचे नाही, आठ जणांचेच आहे. निदान पोटनियमात तरी तसे लिहिलेले आहे. ते तसे राहते की नाही, हे आठ जणांनी मध्ये येऊन बघण्यावर आहे.

कोराकुएन सुरुवातीला सरदाराची खासगी बाग होती. रयतेला ठराविक दिवशीच आत येता येई. १८८४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली आणि सर्वांना खुली झाली. १९३४ च्या महापुरात तिची नासधूस झाली, १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली. लोकांनी जुनी चित्रे आणि नकाशे पुढे ठेवून ती पहिल्यासारखी उभी केली. जळालेले शहर बांधायचे होते, अन्नाचे हाल होते, तरी बाग सोडून दिली नाही.

पुण्याच्या बागेला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले, तेही शोभणारे आहे. पु. लं.नी 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपानची ओळख मराठी वाचकाला घरबसल्या करून दिली. १२ जून २००० रोजी ते गेले. ज्या माणसाने महाराष्ट्राला हसवले, त्याच्या नावाच्या बागेत माणसे हळू आवाजात का होईना, पण हसताना दिसतात.

'मागाहून' म्हणजे केव्हा?

'कोराकुएन' या नावाचा अर्थ सांगायचा राहिला. हे नाव १८७१ मध्ये दिले गेले. त्याचा अर्थ 'मागाहून सुख घेण्याची बाग'. फान चोंगयान नावाच्या हजार वर्षांपूर्वीच्या चिनी मुत्सद्द्याच्या वचनावरून ते घेतले आहे. त्याच्या सांगण्याचा आशय असा, की कारभारी माणसाने काळजी सर्वांच्या आधी वाहावी आणि सुख सर्वांच्या मागून घ्यावे.

नाव ऐकून आम्ही सगळेच थोडे गप्प झालो. कारभाऱ्याने सुख मागाहून घ्यावे, हे ठीकच आहे. संचालक मंडळाच्या सभागृहात लिहून ठेवावे असे ते वाक्य आहे. पण ज्यांनी आधी घ्यायचे, त्या साध्या सभासदाचे काय? त्यानेही सुख मागाहूनच ठेवलेले आहे. लागण झाली की. ऊस तुटला की. पहिला हप्ता आला की. सोसायटीचे नवे-जुने झाले की. पोरीचे लग्न झाले की. पोरगा चिकटला की. असे करता करता डोळ्यात मोतीबिंदू येतो आणि माणूस पहिल्यांदा बाकावर बसतो, तो दवाखान्याच्या.

बायांचे तर याहून अवघड. पुरुषाला गावात बसायला जागा आहे. देवळाचा पार आहे, चहाचे हॉटेल आहे, सोसायटीची पायरी आहे, गट ऑफिसचा ओटा आहे. बाईला यातली एकही जागा नाही. ती पारावर बसली तर गाव बघते. हॉटेलात बसली तर बोलते. तिला बसायला विहिरीचा काठ नाहीतर माहेर. विहिरीवर आता मोटारी आल्या आणि माहेरी भावजया आल्या. आजींनी विचारलेला प्रश्न वेडगळ नव्हता. सत्तर वर्षांत ज्या जागेवरून कुणी उठवले नाही अशी जागा त्यांनी पाहिलीच नसेल, तर त्या विचारणारच.

पाण्याची पाळी ठरलेली असते म्हणून टेलच्या माणसालाही कधीतरी पाणी मिळते. पाळी नसती तर वरचा कधी थांबलाच नसता. विसाव्याचेही तसेच आहे. वेळ उरला की बसू, असे म्हणणाऱ्याला वेळ कधी उरत नाही. त्याला जागा पाहिजे, वेळ पाहिजे आणि रखवालदाराच्या शिट्टीसारखा नियमही पाहिजे. शहराने आपल्या माणसांसाठी तेवढे केले आहे. आपण केलेले नाही.

आपल्या आवारात काय करता येईल

बहुतेक कारखान्यांच्या आवारात बाग असते. ती गेस्ट हाऊसपुढे असते, तिला तारेचे कुंपण असते आणि दाराला कुलूप असते. मंत्री आले, बँकेचे साहेब आले, की कुलूप निघते. वार्षिक सभेला आलेला सभासद कुंपणाबाहेर गाडीच्या सावलीत भाकरी सोडतो. ही बाग कुणाच्या पैशाने फुलली, हे वेगळे सांगायला नको.

आमची सूचना साधी आहे. दहा एकर नकोत, जपानी पूल नकोत, लाल मासेही नकोत. कार्यालयाजवळची एखाद-दोन एकर मोकळी जागा सभासदांच्या कुटुंबांसाठी आणि कामगारांच्या मुलांसाठी खुली करावी. तिथे वड, पिंपळ, कडुनिंब, करंज, चिंच, बकुळ अशी आपल्या हवेची झाडे लावावीत. हिरवळ पाणी फार पिते, ती हौसेपुरती. सावली मात्र पोटभर असावी. चार-सहा पाठीचे बाक, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छ संडास एवढे असले तरी पुरे. शेवटची गोष्ट नसेल तर बाकीच्या दोन असून उपयोग नाही, हे सूनबाईंनी आम्हाला मुद्दाम लिहायला सांगितले आहे.

खर्चाचे म्हणाल तर पुष्कळसे घरचेच आहे. खताला प्रेसमड आहे, झाडांच्या बुंध्याशी आच्छादनाला पाचट आहे. पाण्याचेही तसेच. १०० टन उसात सुमारे ७० टन पाणीच असते. रस आटवताना निघणाऱ्या वाफेचे पाणी कारखान्यातच पुन्हा वापरतात. वापरून उरलेले पाणी योग्य प्रक्रिया करून झाडांना देता येते. म्हणजे कालव्याच्या वाट्याला हात न लावताही बाग जगू शकते. टेलच्या सभासदाच्या पाण्यावर फुललेली बाग आम्हालाही नको आहे.

आणि या बागेचा पहिला मान ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांचा असावा. हंगामाचे चार-पाच महिने ही पोरे गाडीतळावरच्या कोप्यांत काढतात. आई-बाप पहाटेच्या अंधारात फडात जातात. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी बसते. काहींच्या नशिबी साखरशाळा असते, काहींच्या तीही नसते. खेळायचे तर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मधल्या धुळीत. आपल्या उसाच्या मोळीवर या मुलांच्या आई-बापांचा घाम आहे. कुंपणात एक दार त्यांच्यासाठी उघडे ठेवले, तर कारखान्याचे काही कमी होणार नाही.

कुणी म्हणेल, बाग केली तर लोक नासवतील. पु. ल. देशपांडे उद्यानात रोज किती अनोळखी माणसे येतात! तरी हिरवळ शाबूत आहे. त्याचे कारण आम्हाला दोन गोष्टींत दिसले. एक, शिट्टी सर्वांना सारखी वाजते. दुसरे, माळ्याचे काम रोज चालते. उद्घाटनाच्या दिवशी झाडे लावून फोटो काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून शेळ्यांवर सोपवायचे, असे करायचे असेल तर मात्र ठराव न केलेलाच बरा.

जाणाऱ्यांसाठी

पुण्याला कुटुंबासह जाणार असाल तर एवढे ध्यानात ठेवा. ही बाग सकाळी आणि संध्याकाळी उघडी असते, दुपारी बंद. त्यामुळे दवाखान्याचे काम दुपारपर्यंत उरकून ऊन उतरल्यावर जावे. जेवणखाण बाहेरच आटोपावे. डबा आत सोडता येत नाही. चेंडू, फळी, बॅट गाडीतच ठेवावी. म्हाताऱ्या माणसांना वाट चालायला सोपी आहे, बसायला जागा आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, म्हणून आडवार गाठावा. आणि किमान एक तास हातात ठेवून जावे. दहा मिनिटांत बघून येऊ म्हणाल, तर ती जागा बघण्याची नाही, बसण्याची आहे.

आपल्या आवारातील जागेबद्दल सभासदांनी आपले मत वार्षिक सभेच्या आधी कार्यालयाकडे लेखी कळवावे. शेअर कुणाच्या का नावावर असेना, या एका बाबतीत घरातल्या बायांचे मत आधी घ्यावे आणि ते जसेच्या तसे लिहावे. लिहायला सवड नसेल तर चिटबॉयच्या हाती तोंडी निरोप पाठवला तरी चालेल. तो आम्ही लिहून घेऊ.